रूट ६६ चा किंगमन–सेलिगमन टप्पा: कुठे थांबावे आणि किती वेळ

लास व्हेगासहून ग्रँड कॅनियनच्या दक्षिण कड्याकडे मोटारीने निघाले, की ॲरिझोनातल्या किंगमनपासून आय-४० हा आंतरराज्य महामार्ग लागतो आणि तासाभरात सेलिगमनपर्यंतचे सत्तर मैल मागे पडतात. भारतातून आलेल्या आई-वडिलांना कॅनियन दाखवायला नेणारी मराठी कुटुंबे बहुधा हाच रस्ता धरतात. पहिल्या तीन खेपांना मीही तोच धरला होता. चौथ्या खेपेस, गेल्या ऑक्टोबरात, वडिलांच्या आग्रहाखातर किंगमनलाच महामार्ग सोडला आणि जुन्या रूट ६६ ने सेलिगमनपर्यंत गेलो. हे अंतर सुमारे ८७ मैल भरते, म्हणजे सतरा-अठरा मैलांचा फेर पडतो, आणि न थांबता गेल्यास पावणेदोन तास पुरतात. आम्हाला साडेसहा तास लागले. त्या वेळात, आणि आदल्या रात्रीच्या मुक्कामात, ज्या दुकानांशी, खाणावळींशी आणि माणसांशी संबंध आला, त्यांचे हे परीक्षण आहे.

माझे वडील एसटीत चालक होते आणि नोकरीतली बरीच वर्षे त्यांनी पनवेल, खोपोली, लोणावळा या जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर काढली. द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला तेव्हा ते नोकरीतच होते, आणि त्यानंतर घाटाखालची व घाटावरची कोणती हॉटेले बसली, कोणती तरली, हे ते आजही एकेकाचे नाव घेऊन सांगतात. हॉटेल पारखण्याची त्यांची कसोटी एकच आहे: गाववाले तिथे खातात का? खोपोलीचा वडापाव घाटातली गर्दी आटल्यावरही टिकला तो गावानेच त्याला धरून ठेवल्यामुळे, असे त्यांचे ठाम मत आहे. हीच कसोटी घेऊन ते ॲरिझोनात उतरले होते, तेव्हा पुढील मतांपैकी निम्मी त्यांची आहेत असे समजावे.

दुकानांकडे वळण्यापूर्वी रस्त्याची हकिकत थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण इथे विकली जाते ती बव्हंशी हकिकतच. रूट ६६ ला महामार्गाचा क्रमांक ११ नोव्हेंबर १९२६ रोजी मिळाला. शिकागोहून निघून आठ राज्ये ओलांडत लॉस एंजलिस आणि पुढे सांता मोनिकाच्या समुद्रापर्यंत पोहोचणारा हा सुमारे २,४४८ मैलांचा रस्ता वाटेतल्या प्रत्येक गावाच्या पेठेतून जात असे, त्यामुळे पेट्रोल, जेवण, मुक्काम आणि पंक्चर हे सगळे गावातच व्हायचे. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणायला घेतले आणि त्या महामार्गांनी गावे टाळली. एकेक गाव बाजूला पडत गेले. शेवटचे होते ॲरिझोनातलेच विल्यम्स, १३ ऑक्टोबर १९८४ रोजी. २७ जून १९८५ रोजी रूट ६६ चे नाव महामार्गांच्या यादीतून अधिकृतपणे काढून टाकण्यात आले आणि रस्त्यावरच्या पाट्या उतरल्या. किंगमन आणि सेलिगमन यांच्या दरम्यान मात्र जुना रस्ता रेल्वेमार्गाला धरून उत्तरेकडे कमान घेतो आणि नवा महामार्ग दक्षिणेकडून सरळ जातो, त्यामुळे इथला जुना रस्ता नव्याच्या खाली गाडला गेला नाही. दीडशेहून अधिक मैलांचा सलग जुना रस्ता आज ॲरिझोनात चालवता येतो, त्याचे एक कारण हे आहे. दुसरे कारण सेलिगमनचा एक न्हावी आहे, त्याच्याकडे पुढे येतोच.

मुक्काम किंगमनमधील एका जुन्या, एकमजली, खोलीच्या दाराशी मोटार लावता येते अशा मोटेलात केला. त्याचे नाव देत नाही, कारण तक्रार करायची आहे. धूम्रपान निषिद्ध म्हणून दिलेल्या खोलीत सिगारेटचा मुरलेला दर्प होता. बदलून मिळालेली खोली रेल्वेच्या बाजूची निघाली आणि पहाटेपर्यंत मालगाड्यांच्या भोंग्यांनी आम्हाला झोपू दिले नाही. किंगमनमध्ये खोली घेताना रेल्वेमार्ग कोणत्या बाजूला आहे हे आधी विचारून घ्यावे, एवढे या अनुभवावरून नक्की सांगता येईल. सकाळी मात्र काउंटरवरच्या गुजराती बाईंनी आईला आत नेऊन आले घातलेला चहा पाजला आणि सिगारेटच्या वासाबद्दल स्वतःहून दहा डॉलर कमी केले. त्या चहामुळे माझी तक्रार निम्मी झाली, हे मान्य करतो.

या बाईंचा उल्लेख केवळ चहासाठी केलेला नाही. १९७० आणि ८० च्या दशकांत, महामार्ग बाजूला गेल्यामुळे जुन्या रस्त्यावरची मोटेले कवडीमोलाने विकायला निघाली, तेव्हा ती घेणाऱ्यांत गुजराती कुटुंबे मोठ्या संख्येने होती. मागच्या खोल्यांत संपूर्ण कुटुंबाने राहायचे, चादरी बदलण्यापासून हिशेबापर्यंत सगळे घरच्यांनीच करायचे, या हिशेबावर त्यांनी ती चालवली. त्या काळात शेजारचे प्रतिस्पर्धी आपल्या फलकावर ‘अमेरिकन ओन्ड’ असे मुद्दाम लिहीत, आणि ते कोणाला उद्देशून आहे हे सर्वांना कळत असे. आज अमेरिकेतील निम्म्याहून अधिक हॉटेले आणि मोटेले भारतीय वंशाच्या मालकांकडे आहेत. रूट ६६ च्या पोस्टकार्डांवर गुलाबी कॅडिलॅक दिसते, निऑनचे दिवे दिसतात, चामड्याचे जाकीट घातलेला फटफटीस्वार दिसतो. पहाटे पाच वाजता गल्ल्यामागे जागा असलेला पटेल दिसत नाही. जुन्या रस्त्याचे गोडवे गाणाऱ्या दुकानांबद्दलचा माझा पहिला आक्षेप हाच आहे.

किंगमनमध्ये १९०७ साली बांधलेल्या वीजघरात रूट ६६ चे संग्रहालय आहे. लहान मुले बरोबर असतील तर तासभर द्यावा. नसतील तर टाकी भरून निघावे, कारण पुढच्या पट्ट्यात पंप विरळ आहेत आणि भ्रमणध्वनीला सगळीकडे रेंज मिळत नाही.

किंगमनपासून साधारण अठ्ठावीस मैलांवर हॅकबेरी जनरल स्टोअर लागते. हे दुकान १९३४ सालचे. महामार्गाने वळसा घेतल्यावर १९७८ मध्ये ते बंद पडले, आणि १९९२ साली बॉब वॉल्डमायर या भटक्या चित्रकाराने ते पुन्हा उघडले. हा चित्रकार म्हणजे इलिनॉयमधल्या याच रस्त्यावर काडीला खोचलेले तळणीचे सॉसेज ‘कोझी डॉग’ या नावाने विकणाऱ्या घराण्यातला मुलगा. रूट ६६ ची शाईने रेखाटलेली, बारीक अक्षरांनी गच्च भरलेली चित्रे आणि नकाशे तो विकत असे. १९९८ साली त्याने दुकान दुसऱ्यांच्या हाती सोपवले. दारात उभी असलेली लाल रंगाची १९५७ ची कॉर्व्हेट, गंजलेले जुने पंप, आत छताला चिकटवलेल्या नोटा आणि भिंतींवरचे पत्र्याचे फलक हे सगळे पाहायला वीस मिनिटे पुरतात, पण कॅमेरा हातात असला तर चाळीस जातात. आईने इथे रूट बिअरची बाटली घेतली. नावात बिअर असली तरी त्यात दारू नसते, हे तिला पटवण्यात पाच मिनिटे गेली. पहिल्या घोटानंतर तिने बाटली माझ्याकडे दिली आणि “याला आयोडेक्सचा वास येतो” असे सांगितले. भारतीय माणसाला तो तसाच येतो, तेव्हा एकच बाटली घेऊन सगळ्यांनी चव पाहावी. वडिलांची कसोटी इथे लागू पडेना. गाववाले येतात का हे पाहायला गाव तर हवे; हॅकबेरीत आजूबाजूला घरेच तुरळक आहेत. दुकान आहे म्हणून गावाचे नाव अजून घेतले जाते.

पुढचे पीच स्प्रिंग्ज हे वालापाय या आदिवासी राष्ट्राचे मुख्य ठिकाण. पर्यटक इथे फारसे थांबत नाहीत, ही त्यांची चूक आहे. याच लोकांनी रेल्वे कंपनीविरुद्धच्या जमिनीच्या दाव्यात १९४१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाकडून आपला पूर्वापार हक्क मान्य करून घेतला होता. कॅनियनवरचा काचेचा स्कायवॉकही त्यांचाच. त्यांच्या लॉजमध्ये परवाना घेऊन डायमंड क्रीकच्या कच्च्या रस्त्याने थेट कोलोरॅडो नदीच्या पाण्यापर्यंत मोटार नेता येते, मात्र त्यासाठी उंच चाकांची गाडी आणि वेगळा दिवस हवा. आमच्याकडे दोन्ही नव्हते.

पीच स्प्रिंग्ज ते सेलिगमन हा पट्टा निवांत आहे. उजव्या हाताला डोंगर, मध्येच शेजारून धावणारी मैलभर लांबीची मालगाडी, आणि रस्त्याकडेला थोड्या थोड्या अंतराने रोवलेल्या लाल पाट्या, ज्यांवर दाढीच्या क्रीमच्या जुन्या जाहिरातीच्या धर्तीवर एकेका पाटीला एकेक ओळ अशी गमतीची कविता पुरी होते. वडिलांनी या पाट्या मोठ्याने वाचायला लावल्या आणि प्रत्येक वेळी शेवटची ओळ येईपर्यंत वेग कमी करायला लावला.

सेलिगमनला पोहोचल्यावर मी तिथल्या न्हाव्याच्या दुकानापाशीच गाडी लावली, कारण या सगळ्या प्रकरणाची सुरुवात तिथे झाली आहे. एंजल डेल्गादिओ यांचा जन्म १९२७ चा, म्हणजे ते रस्त्यापेक्षा काही महिन्यांनीच लहान. त्यांचे वडीलही न्हावीच होते आणि केस कापण्याबरोबर बिलियर्डची टेबले चालवीत. १९३० च्या दशकात रूट ६६ गावातल्या गावात एक गल्ली उत्तरेला सरकला आणि तेवढ्यानेच त्यांचा धंदा बसला. पुढे मुलाने १९५० साली त्याच धंद्यात पाऊल टाकले, नंतर दुकान नव्या रस्त्यावर आणले, आणि २२ सप्टेंबर १९७८ रोजी आय-४० सुरू झाल्यावर एका दिवसात पेठेतली वाहने नाहीशी झालेली पाहिली. एकाच घराला रस्त्याने दोनदा टाळले. पहिल्यांदा एका गल्लीने, दुसऱ्यांदा महामार्गाने. पुढे काही वर्षांनी रेल्वेनेही सेलिगमनचा थांबा बंद केला. गावात दुकाने होती, घरे होती, गिऱ्हाईक नव्हते.

डेल्गादिओ यांनी १९८७ च्या फेब्रुवारीत आसपासच्या मूठभर दुकानदारांना गोळा करून ॲरिझोनाची रूट ६६ संघटना काढली आणि राज्य सरकारकडे लकडा लावला. त्याच वर्षी सेलिगमन ते किंगमन या पट्ट्याला ‘ऐतिहासिक’ असा दर्जा मिळाला, पाट्या परत लागल्या, आणि पुढच्या वसंतात जुन्या मोटारींची पहिली फेरी निघाली. तीच पद्धत इतर राज्यांनी उचलली. ज्या रस्त्याचा क्रमांक सरकारने दोनच वर्षांपूर्वी काढून घेतला होता, त्यालाच सरकारकडून सन्मानाची पाटी मिळवून देणे हे काम कात्री-वस्तऱ्याच्या माणसाने केले, याचे मला फार अप्रूप वाटते. मोटारींवरच्या एका गाजलेल्या ॲनिमेशनपटाची मंडळी त्यांना भेटायला आली, तीही हीच हकिकत ऐकायला.

त्यांचे दुकान आज भेटवस्तूंचे दुकान आहे आणि त्यातच न्हाव्याची खुर्ची ठेवलेली आहे. भिंतींवर जगभरच्या प्रवाशांनी खोचलेली व्हिजिटिंग कार्डे, चिठ्ठ्या आणि छायाचित्रे यांचे थर आहेत. जपानी आणि जर्मन अक्षरांच्या गर्दीत मला पुण्यातल्या एका दंतवैद्याचे कार्ड दिसले, आणि वडिलांनी खिशातून एसटीचा जुना बिल्ला काढून तो इथे ठेवावा की नाही याचा पाच मिनिटे विचार करून परत खिशात ठेवला. खुर्चीत बसून छायाचित्र काढायला कोणी पैसे मागितले नाहीत, काही घेतलेच पाहिजे असेही सुचवले नाही. गल्ल्यावरच्या व्यक्तीने नकाशा पसरून पुढे काय पाहण्यासारखे आहे हे शांतपणे समजावून सांगितले. या टप्प्यावर एकाच दुकानात जायचे असेल, तर माझी शिफारस याच दुकानाची राहील.

गावातल्या सगळ्याच दुकानांबद्दल हे म्हणता येणार नाही. पेठेत एका ओळीने भेटवस्तूंची दुकाने आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी तोच फ्रीजवर चिकटवायचा चुंबक, तोच पत्र्याचा फलक, तोच टी-शर्ट, फक्त किंमत वेगळी. एका दुकानात, ज्याचे नाव घेणार नाही, आईने स्वच्छतागृह विचारल्यावर आधी काहीतरी विकत घ्या असे सांगण्यात आले. सत्तर वर्षांच्या बाईला. तिने नव्वद सेंटचे पोस्टकार्ड घेतले आणि ते तिथेच काउंटरवर ठेवून ती बाहेर आली. जुन्या रस्त्यावर प्रवाशांची सोय व्हायची म्हणून हे गाव उभे राहिले होते, हे त्या दुकानदाराला कोणीतरी सांगायला हवे.

जेवणाच्या बाबतीत शाकाहारी मंडळींनी थोडे आधी ठरवून यावे. ‘रोडकिल कॅफे’ या नावाचा अर्थ, म्हणजे रस्त्यावर गाडीखाली मेलेले जनावर, मी आईला सांगितला ही माझी चूक. ती त्या इमारतीच्या सावलीतसुद्धा उभी राहीना. नाव अर्थातच विनोदाचे आहे. आम्ही ‘वेस्टसाइड लिलोज’मध्ये बसलो. अंडी, बटाटे, टोस्ट, पॅनकेक असा साधा बेत मिळतो आणि इथला गाजराचा केक खरोखरच नावाजण्यासारखा आहे: दमदार, ओलसर, वर क्रीम चीजचा जाड थर, आणि एक तुकडा तिघांना पुरेल एवढा मोठा. शेजारच्या टेबलावर मातीने माखलेल्या बुटांचे दोन गुराखी आणि पोस्टाच्या गणवेशातली एक बाई न बोलता जेवत होती. वडिलांनी त्यांच्याकडे पाहून मान हलवली. कसोटी उतरली.

‘डेल्गादिओज स्नो कॅप’ मात्र त्या कसोटीने मोजता येत नाही. एंजल यांचे भाऊ हुआन यांनी हे १९५३ साली उभे केले. ते रेल्वेत कामाला होते आणि बांधकामाचे बरेचसे लाकूड रेल्वेच्या आवारातल्या भंगाराचे आहे. बाहेर छत कापून काढलेली १९३६ ची शेव्हरोले, तीत वर्षभर उभे असलेले नाताळचे झाड, दारावर ‘सॉरी, वुई आर ओपन’ ही पाटी. दाराला दोन्ही बाजूंना मुठी आहेत आणि माणूस हमखास चुकीची धरून ओढतो. मीही ओढली, आतून हसण्याचा आवाज आला. मेनूवर ‘मेलेली कोंबडी’ लिहिलेली असते आणि चीजबर्गरमध्ये चीज असते हे मुद्दाम छापलेले असते. हुआन २००४ साली वारले, पण त्यांच्या खोड्या घरच्यांनी चालू ठेवल्या आहेत. आईने मोहरीचा सॉस मागितला, कारण फ्राइजबरोबर तिला काहीतरी झणझणीत हवे होते. खिडकीतल्या मुलाने पिवळी बाटली उचलून तिच्या अंगावर दाबली आणि ती किंचाळून दोन पावले मागे गेली. बाटलीतून निघाली ती पिवळी दोरी. नंतर तिने तीच बाटली मागून घेऊन वडिलांवर रोखली. दुकान लहान आहे, मागे रांग असते, तरी प्रत्येकाची थट्टा करायला त्यांना वेळ असतो. मिल्कशेक दाट, फ्राइज गरम, बर्गर साधा. खाद्यपदार्थांसाठी मैलोगणती फेर घेऊन यावे असे इथे काही नाही, आणि तरीही मी पुन्हा येईन. हिवाळ्यात काही काळ ते बंद असते, तेव्हा चौकशी करून जावे.

स्नो कॅपच्या बाकावर बसल्या बसल्या वडिलांनी आपल्या कसोटीत दुरुस्ती केली. जुन्या मुंबई–पुणे रस्त्याला खोपोलीसारखी भरल्या वस्तीची गावे होती, ती हॉटेलांना पोसू शकली. सेलिगमनची वस्ती काही शे माणसांची, ती कोणाला पोसणार? इथे गिऱ्हाईक बाहेरूनच आणावे लागते आणि बाहेरच्या माणसाला या रस्त्यावर यायचे काहीच कारण उरलेले नसताना ते निर्माण करावे लागते. “हा थांबा नाही, ही जत्रा आहे,” असे ते म्हणाले, आणि त्यांच्या सुरात नापसंती नव्हती.

वेळेबद्दल एक सूचना. लास व्हेगासहून कॅनियनला जाणाऱ्या पर्यटक बसगाड्या सेलिगमनला थोडा वेळच थांबतात आणि त्या आल्या की पेठेत उभे राहायला जागा उरत नाही. बस गेली की दहा मिनिटांत गाव पुन्हा मोकळे होते, तेव्हा त्या वेळेत लिलोजमध्ये बसून राहावे. मुक्काम सेलिगमनलाच केला तर संध्याकाळ आपली होते. पुढच्या खेपेस आम्ही तेच करणार आहोत. दक्षिण कडा इथून सुमारे शंभर मैल आहे, सकाळी लवकर निघाल्यास दुपारच्या आत पोहोचता येते.

आम्ही निघायच्या सुमारास अशीच एक बस एका दुकानासमोर येऊन उभी राहिली आणि तिचा चालक खाली उतरून सावलीत कॉफी पीत बसला. जुन्या रस्त्यावरच्या हॉटेलात एसटीच्या चालक-वाहकांना चहा-नाश्ता फुकट असे, कारण गाडी कुठे थांबवायची हे त्यांच्या हातात असे. वडील त्याच्याजवळ गेले, कपाकडे बोट दाखवले आणि विचारले, “फ्री?” चालकाने इकडे तिकडे पाहिले, कप थोडासा उंचावला आणि डोळा मिचकावला.